वाळवंटाआधी जोधपूरच्या भारी हॉटेलात राहायचंय? मग असं करा

जैसलमेरची ट्रिप ठरवताना बहुतेक जण एकच हिशोब मांडतात, की वाळवंटात टेंटमध्ये थंडी वाळू वगैरे सगळं होणारच आहे तर एखादी रात्र तरी झकास हॉटेलात काढू. हिशोबात चूक काही नाही, पण ती रात्र कुठे बसवायची आणि तिच्यातून काय काय वसूल करायचं हे न ठरवताच बुकिंग होतं, मग रात्री दहाला चेक-इन, सकाळी सातला गाडी दारात, आणि स्विमिंग पूल बघितला तो लॉबीतून बॅगा ओढत जाताना. एवढ्यासाठी कशाला पैसे घालायचे सांगा.

माझं मत सरळ आहे. भारी हॉटेल वाळवंटाच्या आधी ठेवा, नंतर नको, आणि घेतलंत तर दोन रात्री घ्या म्हणजे मधला एक अख्खा दिवस हातात राहतो. दोन रात्री परवडत नसतील तर साधं स्वच्छ हॉटेल घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या कॅम्पवर घाला. नंतर का नको, तर वाळवंटातून परत आल्यावर माणसाला फक्त गरम पाणी आणि पलंग लागतो, कानात नाकात वाळू असते, अंघोळ करून जो आडवा होतो तो सकाळीच उठतो, त्याला झुंबर आहे की ट्यूबलाइट याने काय फरक पडतो. आधी मात्र हॉटेलचा खरा उपयोग होतो, प्रवासाचा शीण जातो, बॅगा नीट लावता येतात, कॅम्पवाल्याशी, गाडीवाल्याशी फोनाफोनी शांतपणे होते.

आता जोधपूरच का. आपल्याकडून जायला ते सोयीचं आहे, मुंबईहून डायरेक्ट फ्लाइट मिळते आणि वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्सप्रेस आहे जी दुपारी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवते. तिथून जैसलमेर साधारण २८० किलोमीटर, गाडीने पाच तास धरा, पुढे समच्या वाळूच्या टेकड्या अजून चाळीसेक किलोमीटर. जैसलमेरलाही विमानतळ आहे पण तिथल्या फ्लाइट मुख्यतः थंडीच्या सीझनपुरत्या, त्यामुळे प्लॅन तिच्यावर टांगून ठेवू नका. एक छोटी गोष्ट, काही गाड्या जोधपूर जंक्शनला न जाता भगत की कोठी स्टेशनला थांबतात, ते पण जोधपूरच आहे, मुख्य स्टेशनपासून फार लांब नाही, पण हॉटेलची पिकअप गाडी सांगितली असेल तर कुठलं स्टेशन ते नीट सांगा नाहीतर ड्रायव्हर एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.

ट्रेनने जाणाऱ्यांची खरी गोची इथे होते. ट्रेन सकाळी पोचते आणि हॉटेलचं चेक-इन असतं दुपारी दोनला. म्हणजे कपडे चुरगळलेले, तोंड धुतलेलं नाही, आणि तुम्ही लॉबीतल्या मऊ सोफ्यावर बसून बाकीच्यांचा नाश्ता बघताय. यावर तीन उपाय, एक म्हणजे बुकिंग झाल्याबरोबर हॉटेलला मेल टाकून अर्ली चेक-इन मागायचं आणि आदल्या दिवशी फोन करून परत विचारायचं (मेलवर 'उपलब्धतेनुसार' असं उत्तर येतं, फोनवर खरं काय ते कळतं), दुसरा म्हणजे बॅगा ठेवून त्यांच्याकडची चेंजिंग रूम किंवा पूलजवळचा शॉवर वापरू द्या म्हणायचं, मोठी हॉटेलं याला सहसा नाही म्हणत नाहीत, आणि तिसरा म्हणजे सकाळी सरळ मेहरानगडावर जायचं. गड नऊला उघडतो, सकाळी गर्दी कमी असते, ऊन अंगावर येत नाही. १४५९ मध्ये राव जोधाने बांधायला घेतलेला तो गड नीट बघायला तीन तास सहज जातात, उतरून जेवून हॉटेलवर आलात की रूम तयार. मी तरी हा तिसराच उपाय सांगेन, फक्त हातातल्या बॅगेत एक टीशर्ट आणि टूथब्रश वरच ठेवा.

बुकिंगचं म्हणाल तर आधी तारखा ठरवा, आणि तारखा ठरवताना कालनिर्णय उघडा. चेष्टा नाही करत, वाळवंटात चंद्राने सगळा फरक पडतो. आकाशगंगा, तारे बघायचेत, फोटो काढायचेत तर अमावस्येच्या आसपास जा, आणि चांदण्यात वाळूवर नुसतं बसायचं असेल तर पौर्णिमा. माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरचा मरू महोत्सव असतो, मजा असते पण गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले. दिवाळीची सुट्टी आणि २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा काळ तर जमलं तर टाळाच, कारण २४ आणि ३१ च्या रात्री मोठी हॉटेलं गाला डिनर सक्तीचं करतात, म्हणजे तुम्ही रूममध्ये खिचडी मागवून झोपणार असलात तरी माणशी जेवणाचे पैसे बिलात लागतात. ते बुकिंग साइटवर बारीक अक्षरात असतं, वाचा. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारीचा पहिला, हे माझे आवडते. एप्रिल ते जून हॉटेलचे भाव पडतात म्हणून मोह होतो, पण जैसलमेरच्या वाटेवरच्याच फलोदीला मे २०१६ मध्ये ५१ डिग्री तापमान नोंदलं गेलंय, तेव्हा काय ते समजून जा.

ट्रेनचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, हॉटेलची बुकिंग त्याच्याही आधीपासून चालू असते, म्हणून तिकीट कन्फर्म होईपर्यंत कॅन्सल करता येणाराच रेट घ्या, नॉन-रिफंडेबलवाला थोडा स्वस्त दिसतो पण वेटिंग लिस्ट क्लिअर झाली नाही तर सगळेच पैसे बुडतात. आणि दिसणारा रेट म्हणजे भरायचा रेट नव्हे, रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, ७,५०० पर्यंत ५ टक्के. त्यामुळे ७,५०० च्या जेमतेम वरची रूम दिसली तर जरा घासाघीस करून रेषेच्या खाली येते का बघा, फरक चांगला पडतो.

मील प्लॅन सीपी घ्या, म्हणजे फक्त नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, ते घेऊन संध्याकाळी बुफेपाशी अडकायचं आणि जोधपूरचा मिरची वडा, मावा कचोरी, मखनिया लस्सी सोडायची हे मला पटत नाही. एक रात्र मात्र हॉटेलातच जेवा, वाळवंटाच्या आदली रात्र, आणि हलकं जेवा. लाल मास (तिथलं मटण) खायचंच असेल तर पहिल्या रात्री खा, दुसऱ्या दिवशी पाच तास गाडीत बसायचं असताना नको, ते तिखट असतं आणि हायवेवर चांगलं टॉयलेट पाहिजे तेव्हा मिळेलच असं नाही.

हॉटेल कुठलं? जोधपूरला ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एक म्हणजे उमेद भवन पॅलेस, त्याच्याबद्दल वेगळं सांगायची गरज नाही, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून महाराजा उमेदसिंगांनी १९२९ मध्ये बांधायला घेतला आणि १९४३ मध्ये पूर्ण झाला, ३४७ खोल्यांचा राजवाडा, त्याच्या एका भागात राजघराणं राहतं, एका भागात म्युझियम आणि एका भागात ताजचं हॉटेल. रात्रीचं भाडं पाच आकडी आणि सीझनला तोंडात बोट घालायला लावणारं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस वगैरे असेल तर जा की, पण मग तिथून बाहेर पडू नका, तिथे राहून दिवसभर बाजारात फिरायचं म्हणजे पैसे वाया. आणि फक्त बघायचा असेल तर म्युझियमचं तिकीट काढून बघता येतो, त्यासाठी राहायची गरज नाही.

दुसरा प्रकार जुन्या शहरातल्या हवेल्या. घंटाघर आणि तूरजी का झालरा या १७४० च्या दशकातल्या बारवेच्या आजूबाजूला यातल्या बऱ्याच आहेत, काही अगदी साध्या, काही रास सारख्या महागड्या. गच्चीवरून समोर गड दिसतो, रात्री त्याच्यावर दिवे लागतात, खरंच भारी. पण गल्ल्या इतक्या बारीक की मोठी गाडी आत जात नाही, शेवटचा तुकडा रिक्षाने किंवा चालत, हॉटेलचा माणूस बॅगा घ्यायला येतो का ते विचारून ठेवा. बऱ्याच हवेल्यांना लिफ्ट नसते, पायऱ्या उंच आणि अरुंद असतात, तेव्हा आजी-आजोबा बरोबर असतील तर तळमजल्याची खोली लिहून मागा, तोंडी नको. हवेलीत दोन खोल्या एकसारख्या नसतात हे पण लक्षात घ्या, फोटोत दाखवलेली खोली ती तुमचीच असेल असं नाही, म्हणून खोलीचं नाव किंवा नंबर विचारून तिचाच फोटो मागवा. फोर्ट व्ह्यू रूमचे जास्तीचे पैसे द्यावेत का? मी नाही देणार, गच्चीवर तोच गड फुकट दिसतो आणि खोलीत तुम्ही पडदे लावूनच झोपणार.

तिसरा प्रकार म्हणजे जुन्या शहराबाहेरची मोठी पंचतारांकित हॉटेलं, ताज हरी महल वगैरे, ऐसपैस बाग, मोठा पूल, पार्किंग, लिफ्ट, लहान मुलांना पळायला जागा. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर डोळे झाकून हा प्रकार घ्या. आणि ज्यांना जोधपूरमध्ये रस नाही, थेट जैसलमेर गाठायचंय, त्यांनी समच्या रस्त्यावरचं सूर्यगढ बघावं, किल्ल्यासारखं बांधलंय आणि तिथून टेकड्या फार लांब नाहीत.

आता तो मधला अख्खा दिवस. सकाळी गड आधीच झाला असेल तर उत्तम, संध्याकाळी बाजार, पण दुपारी हॉटेलातच रहा आणि वाळवंटाची तयारी तिथे करा. सगळ्यात आधी बॅगा फोडा. वाळवंटात एक रात्र काढायला मोठ्या सुटकेस न्यायची काही गरज नसते, एक सॅक पुरते. परतीचा रस्ता जोधपूरवरूनच असेल तर मोठ्या बॅगा हॉटेलच्या क्लोकरूममध्ये ठेवा, पावती घ्या आणि बॅगेचा फोटो काढून ठेवा, चेक-आउट झालं तरी पाहुण्यांचं सामान एक-दोन दिवस ठेवतात, फक्त आधी विचारा. लॅपटॉप, दागिने मात्र तिथे ठेवू नका.

सॅकमध्ये काय, तर थंडीचे कपडे थरांनी, एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा आत थर्मल वर स्वेटर त्यावर वारा अडवणारं जॅकेट असं. लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे ऊन, पण हवा कोरडी आणि आकाश मोकळं असल्यामुळे दिवसभर तापलेली वाळू सूर्य गेल्याबरोबर भराभर थंड होते, डिसेंबर-जानेवारीत रात्री सात-आठ डिग्रीपर्यंत येतं आणि टेंटच्या कापडाने ते अडत नाही. कानटोपी, पायमोजे हवेतच. उंटावर बसायला पूर्ण लांबीची ढगळ पँट, शॉर्ट्स घालून बसलात तर मांड्या सोलपटतात. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी त्या दिवशी चष्मा लावा, डोळ्यात वाळूचा एक कण गेला तरी नकोसं होतं. लांब केस असतील तर हॉटेलातच धुवून नीट वेणी घाला पण तेल लावू नका, तेलावर वाळू अशी बसते की पुढचे दोन दिवस डोकं खाजतं.

हॉटेलच्या बाथरूममध्ये ज्या छोट्या छोट्या गोष्टी ठेवलेल्या असतात त्यातली शॉवर कॅप कोणी वापरत नाही, ती घ्या, कॅमेऱ्यावर घालायला एकदम परफेक्ट, मागे इलास्टिक असतं त्यामुळे वारा सुटला तरी निघत नाही. लेन्स बदलायची ती रूममध्येच बदला, टेकडीवर उघडली की सेन्सरवर वाळू बसलीच समजा. मोबाइलसाठी झिपलॉकची पिशवी, चार्जिंगच्या पोर्टमध्ये वाळू गेली तर मोठं दुखणं. सगळ्या पॉवर बँका आदल्या रात्री हॉटेलात फुल करा कारण कॅम्पवर एकाच पॉइंटवर दहा जणांचे चार्जर लटकलेले असतात. ड्रोन घरीच ठेवून या, हा बॉर्डरचा जिल्हा आहे, परवानगीशिवाय उडवलात तर पोलीस स्टेशनची सहल होईल. आणि जोधपूरचं विमानतळ एअरफोर्सच्या तळावर आहे, तिथे उतरताना-चढताना फोटोही काढू नका.

लॉन्ड्री हॉटेलची घेऊ नका, एका शर्टाच्या धुलाईत बाजारात लस्सी पाजता येईल अख्ख्या ग्रुपला. पण वाळवंटानंतर परत त्याच हॉटेलात येणार नसाल तर वाळूचे कपडे ठेवायला एक वेगळी पिशवी बरोबर असू द्या. दमेकरी, धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी इनहेलर आणि गोळ्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, समला रात्री औषधाचं दुकान शोधत बसायला नको. ओआरएसची दोन-चार पाकिटं. रोख पैसे पण जोधपूरलाच काढा, दहा-वीस-पन्नासच्या नोटा जास्त, टेकड्यांवर नेटवर्क येतं-जातं आणि उंटवाला, चहावाला, गाणारे मांगणियार यांना देताना यूपीआय फिरत बसतं. मांगणियार कलाकारांना हात सैल ठेवून द्या बरं का, पिढ्यानपिढ्या गाणारी माणसं आहेत ती, त्यांची कमायचा आणि खडताल ही वाद्यं जवळून ऐकायला मिळतात.

त्याच संध्याकाळी बसून तीन फोन करा. पहिला कॅम्पला. बुकिंग आहे ना, पॅकेजमध्ये उंटाची फेरी, संध्याकाळचा चहा, कार्यक्रम, जेवण, सकाळचा नाश्ता यातलं काय काय धरलंय, गरम पाणी किती ते किती, डीजे किती वाजता बंद होतो, आणि लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. डीजेचा प्रश्न लाजू नका, समला एकाला लागून एक कॅम्प आहेत आणि काहींचा आवाज दणदणीत असतो, शांतता हवी असेल तर मुळातच खुरी गावाच्या बाजूचा कॅम्प घ्या, तिकडे गर्दी कमी. लोकेशन यासाठी की जैसलमेर ते समच्या रस्त्यावर लपके असतात, म्हणजे गिऱ्हाईक पकडून देणारे दलाल, बाइकवरून गाडीच्या बाजूने येतात आणि 'तुमचा कॅम्प फुल झालाय, बंद पडलाय, आम्ही दुसरा दाखवतो' असलं काहीतरी सांगतात. कॅम्पच्या मालकाशी रात्रीच बोलणं झालेलं असलं की काच खाली करायची वेळच येत नाही.

दुसरा फोन गाडीवाल्याला. हॉटेलच्या ट्रॅव्हल डेस्कची गाडी सोयीची पण महाग, बाहेरून घेतलीत तर बिल बरंच खाली येतं. ठरवताना ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता, टोल, पार्किंग, तो कॅम्पवर झोपणार कुठे आणि जेवणार काय, हे सगळं आधी विचारा, ड्रायव्हर नीट झोपला तरच दुसऱ्या दिवशी तुम्ही सुखरूप. तिसरा फोन हॉटेलच्याच रिसेप्शनला, सकाळी नाश्ता पॅक करून मिळेल का आणि बिल रात्रीच तयार ठेवाल का. बिल रात्रीच वाचा, मिनीबारमधली न उघडलेली पाण्याची बाटली सुद्धा कधी कधी त्यात सापडते, सकाळी घाईत वाद घालण्यात अर्धा तास जातो. ओळखपत्र सगळ्या मोठ्यांचं हाताशी ठेवा, कॅम्पवर परत लागतं, आधार चालतं, पॅन कार्ड चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो. दुसऱ्या दिवशी बॉर्डरजवळचं तनोट-लोंगेवालाही करणार असाल तर मूळ ओळखपत्रच बरोबर हवं, आणि तो अख्ख्या दिवसाचा कार्यक्रम आहे, समच्या सकाळीच उरकून टाकू असं होत नाही.

निघायची वेळ. पहाटे उठायची अजिबात गरज नाही, आरामात नाश्ता करा, नऊपर्यंत निघा. पोकरणला जेवायला किंवा चहाला थांबा, १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांचं पोकरण ते हेच, पण चाचण्यांची जागा बघायला मिळत नाही, गावातला लाल दगडाचा किल्ला मात्र मिळतो. पक्ष्यांची आवड असेल तर ओसियां-फलोदीवरून लांबच्या वाटेने जा, फलोदीजवळच्या खिचनला थंडीत हजारो कुरजां म्हणजे करकोचे उतरतात, पण मग आठलाच निघा. कुठूनही गेलात तरी समला चारच्या आत पोचायचं बघा कारण डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास जातो आणि उंटाची फेरी त्याच्या तासभर आधी सुरू करावी लागते. सकाळी उलटं, इथे देशाच्या पश्चिम टोकाला जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, तेव्हा पाचचा गजर लावून ग्रुपच्या शिव्या खाऊ नका.

उंटावर बसताना तो आधी मागचे पाय उचलतो, म्हणजे तुम्ही पुढे झुकता, तेव्हा मागे रेलून खोगीर घट्ट धरा, उतरताना तो पुढचे पाय आधी दुमडतो तेव्हाही मागेच रेला. फेरी कुठपर्यंत, किती वेळ, आणि पॅकेजमधली आहे की वेगळे पैसे, हे उंट बसलेला असतानाच ठरवून घ्या.